हिमालयातील बिनवाटेची चाल आणि पाठीवरचे ओझे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की हिंगणघाट, समुद्रपूर, वणी, राळेगाव या भागांतली मुले-मुली हिमालयात जाण्याची तयारी करताना आता दिसू लागली आहेत. काही वर्षांपूर्वी ही गोष्ट आमच्याकडे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. शेतकऱ्यांच्या, शेतमजुरांच्या, लहान दुकानदारांच्या घरांतली ही मुले आधी एखाद्या संस्थेबरोबर रुळलेल्या वाटेवर जाऊन येतात, त्यांतली काही पुढे गिर्यारोहणाचा मूलभूत अभ्यासक्रमही पूर्ण करतात, आणि मग त्यांना गर्दीच्या वाटा सोडून, जिथे पायवाटच नाही अशा खोऱ्यांतून आणि खिंडींतून चारपाच जणांनी मिळून स्वतःच्या बळावर जावेसे वाटते. या ओढीचे मला मनापासून कौतुक आहे. मी ग्रामीण शाळेत भूगोल शिकवते, हिमाचल आणि गढवालच्या डोंगरांत माझेही अनेक उन्हाळे गेले आहेत, आणि माझे काही माजी विद्यार्थी या मुलांत आहेत. मात्र निघताना त्यांच्या पाठीवर जे ओझे असते ते पाहून मला काळजी वाटते, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

अठरा-वीस किलोची पिशवी ही या मुलांना अंगमेहनतीची खूण वाटते. घरी पोते उचलण्याची सवय असते, त्यामुळे वजनाची तक्रार करणे कमीपणाचे मानले जाते. परंतु पोते उचलून बंडीत टाकणे आणि तेच वजन आठ तास, सहा दिवस, विरळ हवेत वाहणे यांत फार अंतर आहे. आमचा समुद्रपूर तालुका समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-अडीचशे मीटर उंचीवर आहे. विदर्भातले सर्वांत उंच ठिकाण म्हणजे मेळघाटातले वैराट, तेही बाराशे मीटरच्या आतच. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश उरतो आणि साडेपाच हजार मीटरवर तो जवळजवळ निम्मा होतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. वर्ध्याच्या पंचेचाळीस अंशांतून निघालेले शरीर तीन-चार दिवसांत अशा ठिकाणी पोहोचते. पाठीवरची पिशवी आपल्या वजनाच्या एक-पंचमांशाच्या आसपास असावी असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. अठ्ठेचाळीस किलोच्या मुलीला हे प्रमाण लावले तर साडेनऊ किलो होतात. प्रत्यक्षात मात्र गटातल्या सर्वांना सारख्याच वजनाच्या पिशव्या वाटून दिल्या जातात आणि त्यालाच समान वागणूक समजले जाते. सामायिक सामान ज्याच्या-त्याच्या शरीराच्या वजनाप्रमाणे वाटले पाहिजे, हे गटप्रमुखांनी मनावर घ्यावे अशी माझी पहिली विनंती आहे.

वाट असलेल्या ठिकाणी जड पिशवीचा त्रास होतो, पण वाट आपल्याला सांभाळून घेते. वाट संपल्यावर तसे राहत नाही. हिमनदीने आणून टाकलेले हिमोढाचे धोंडे पायाखाली डगमगतात, सुट्या दगडमातीच्या घसाऱ्यावर एक पाऊल वर टाकले की अर्धे खाली येते, उतारावरच्या टणक बर्फात बुटाची कड रोवून तोल सावरावा लागतो. अशा प्रत्येक पावलाला पाठीवरचे वजन आपल्याला एका बाजूला ओढत असते, आणि घोटा किंवा गुडघा मुरगळण्याचे प्रसंग बहुधा दिवसाच्या अखेरीस, थकव्यात येतात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालण्याच्या वेळेचा एक ठोकताळा दिला होता, तो आजही वापरला जातो: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि प्रत्येक सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. हा हिशेब चांगल्या वाटेचा आणि निरोगी, हलक्या चालणाऱ्याचा आहे. धोंड्यांतून आणि विरळ हवेत त्याच्या दुप्पट वेळ धरला तरी तो कमीच पडतो. आता त्यात वीस किलोंचे ओझे मिळवा. सकाळी नऊला ओलांडायचा नाला दुपारी दोनला गाठला जातो. बर्फ वितळून वाहणारे हे नाले पहाटे सर्वांत लहान असतात आणि उन्हाबरोबर फुगत जाऊन दुपारनंतर अंगावर येतात, त्यामुळे सकाळी गुडघाभर असलेले पाणी तेव्हा कमरेपर्यंत आलेले असते. दिवस कलत असतो, मुक्कामाची ठरलेली जागा पलीकडच्या काठावर असते, आणि थकलेली मुले पाण्यात उतरण्याचा निर्णय घेतात. ओझ्यामुळे उशीर होतो आणि उशिरामुळे संकट येते, हा क्रम मी डोंगरात पुन्हा पुन्हा पाहिला आहे. म्हणून हलकी पिशवी ही मला सुरक्षिततेची बाब वाटते, आणि हौशी लोकांचा छंद म्हणून तिच्याकडे पाहू नये असे मी आग्रहाने सांगते.

ओझे कमी करण्याचे काम घरीच, वजनकाट्यावर करावे लागते. किराणा दुकानातला काटा पुरेसा आहे. प्रत्येक वस्तू तोलून वहीत लिहावी, आणि अन्न, पाणी व इंधन सोडून उरलेल्या सामानाची बेरीज करावी. ही बेरीज नऊ किलोंच्या आत आली की सामान हलके समजले जाते, आणि साडेचार किलोंच्या आत आणणारे निष्णात लोकही जगात आहेत. आमच्या मुलांनी त्या साडेचार किलोंच्या मागे लागू नये. तितके हलके सामान महाग असते, नाजूक असते, आणि ते वापरायला मोठा अनुभव लागतो. सात ते नऊ किलो हे लक्ष्य विदर्भातल्या महाविद्यालयीन मुलांच्या आवाक्यातले आहे. सर्वाधिक वजन पिशवी, तंबू आणि अंथरूण-पांघरूण या तीन गोष्टींत असते. बाजारात मिळणारी अनेक कप्प्यांची पिशवी रिकामी असतानाच अडीच किलो भरते, तर साधी, एका कप्प्याची पिशवी किलोभराची मिळते. दोघांचा चांगला तंबू दीड-दोन किलोंचा असतो आणि तो दोघांत वाटून नेता येतो. पिसांची झोपपिशवी साधारण किलोभराची असून उणे तापमानातही ऊब देते, मात्र ती भिजली की तिची ऊब जाते, म्हणून ती जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधूनच ठेवावी. स्टीलच्या ताटवाट्यांऐवजी चौघांत जर्मनचे (अॅल्युमिनियमचे) एक पातेले आणि प्रत्येकी एक चमचा पुरतो. पायातल्या बुटांचे वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी पटींनी अधिक थकवते, म्हणून जाड फौजी बूट घालून जाण्याचा हट्ट सोडावा. बर्फ थोडा आणि दगड जास्त अशा प्रदेशात चांगली पकड असलेले मध्यम वजनाचे बूट अधिक उपयोगी पडतात. आणि यातले बहुतेक वजन पैसे न खर्चता कमी होते, कारण दुसरी चादर, तिसरी पँट, मोठी टॉर्च, तेलाची आणि शाम्पूची बाटली, सगळ्यांच्या वेगवेगळ्या औषधपेट्या हे सारे घरी ठेवायला एक रुपयाही लागत नाही.

कपड्यांच्या बाबतीत आम्हा वऱ्हाड-वर्ध्याच्या लोकांना एक गोष्ट स्वीकारणे कठीण जाते. आमचे सारे आयुष्य कपाशीवर उभे आहे आणि आमच्या उन्हाळ्यात सुती कपड्यासारखा दुसरा कपडा नाही. पण उंच डोंगरात सुती बनियन, सुती टी-शर्ट आणि जीन्स घेऊन जाऊ नये. कापूस घाम आणि पाऊस धरून ठेवतो, लवकर वाळत नाही, आणि वाऱ्यात ओला कपडा अंगातली उष्णता वेगाने काढून घेतो. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते, आणि कृत्रिम धाग्याचे खेळाडूंचे कपडे अंगावरच वाळतात. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ धौलाधार डोंगररांगेच्या खिंडी ओलांडून कळप नेतात तेव्हा त्यांच्या अंगावर लोकरीचा चोळा आणि कमरेला लोकरीचाच लांब डोरा असतो. त्यांच्याजवळचे एकूण सामान आमच्या मुलांच्या एका पिशवीत मावेल इतके थोडे असते, आणि आपण ज्याला बिनवाटेचा प्रदेश म्हणतो त्यातल्या बऱ्याच भागात वर्षानुवर्षे हेच लोक फिरत आले आहेत. त्यांना भेटलात तर खिंडीतल्या बर्फाची आणि नाल्यांची विचारपूस जरूर करावी, तिच्यासारखी ताजी आणि खरी माहिती दुसरीकडे मिळत नाही.

अन्नाविषयी मी थोडे अधिक लिहिते, कारण त्यात आमच्या भागाची बाजू भक्कम आहे. माणशी दिवसाला सहाशे ते सातशे ग्रॅम कोरडे अन्न लागते. ते कोणते न्यावे हे ठरवताना दोन कसोट्या लावाव्यात: शंभर ग्रॅममध्ये किती ऊर्जा मिळते आणि शिजवायला किती इंधन लागते. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते. साडेचार हजार मीटरवर ते पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळी घेते. तिथे आपली तुरीची डाळ तासभर चुलीवर ठेवली तरी कच्ची राहते, आणि तिच्यासाठी कुकर न्यायचा म्हटले तर त्याचेच वजन दीड-दोन किलो. म्हणून तूर आणि तांदूळ घरी ठेवावेत. त्याऐवजी भाजलेल्या रव्याचा सांजा, पातळ पोहे, सातूचे पीठ, गूळ, तीळ, भाजलेले फल्लीदाणे (शेंगदाणे), जवसाची कोरडी चटणी, तुपात भाजलेल्या कणकेचे लाडू यांचा विचार करावा. शंभर ग्रॅम फल्लीदाण्यांत साडेपाचशेहून अधिक किलोकॅलरी ऊर्जा असते, तेवढ्याच तांदळात सुमारे साडेतीनशे. सातूला तर चूलच लागत नाही, गार पाण्यात कालवले की झाले. शहरातल्या दुकानांत मिळणारी महागडी डबाबंद पाकिटे आमच्या मुलांनी विकत घेण्याची गरज नाही. घरातल्या आईने आणि आजीने चार दिवस आधी भाजून, दळून दिलेले अन्न त्याहून हलके, पौष्टिक आणि पोटाला ओळखीचे असते. ते प्रत्येक दिवसाचे वेगळ्या कागदी पुडीत बांधावे, म्हणजे रिकाम्या प्लॅस्टिकचा कचराही होत नाही. गॅसची छोटी नळकांडी मात्र रेल्वेने नेण्यास मनाई आहे, त्यामुळे इंधन मनाली, उत्तरकाशी किंवा लेह इथे पोहोचल्यावरच घ्यावे. वर्धा किंवा नागपूर स्थानकावरून पिशवीत लपवून ते नेण्याचा प्रकार सबंध डब्यातल्या प्रवाशांच्या जिवाशी खेळणारा आहे.

आता जे कमी करू नये त्याविषयी. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रताल परिसरात कर्नाटकातून आलेला पदभ्रमंतीचा एक गट हिमवादळात सापडला आणि त्यातले नऊ जण मृत्युमुखी पडले. उन्हाळ्यातल्या हिमालयातही एका दुपारीत काय होऊ शकते हे त्या घटनेने दाखवले आहे. आपल्याकडच्या लोकांना जून म्हणजे ऊन आणि उकाडा एवढेच ठाऊक असते. उंची प्रत्येक हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी तापमान उतरवते, आणि वाऱ्यामुळे ते त्याहून खाली जाणवते. म्हणून पाऊस आणि वारा अडवणारे वरचे कपडे, रात्रीसाठी बाजूला ठेवलेला कोरडा उबदार जोड, कानटोपी, हातमोजे, डोक्यावर बांधायची छोटी बॅटरी, नकाशा आणि होकायंत्र, उन्हाचा चष्मा, आणि प्रत्येक दोघांत एक असा तंबू यांतले काहीही वजनाच्या नावाखाली गाळू नये. समाजमाध्यमांवर आपल्या पिशवीचे वजन किती कमी आहे हे सांगण्याची चढाओढ सुरू झालेली दिसते. तिच्या नादी लागून हातमोजे घरी ठेवणाऱ्या मुलाला हलके सामान म्हणजे काय हे कळलेलेच नाही असे मी म्हणेन.

हलक्या पिशवीमुळे आणखी एक मोह होतो. पाय भराभर उचलतात, आणि दोन दिवसांची उंची एका दिवसात गाठावीशी वाटते. विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला लागणारा वेळ मात्र पिशवी हलकी झाल्याने कमी होत नाही. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक उंचावर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, हा वैद्यकीय दंडक आहे. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही सुरुवातीची लक्षणे दिसली की वर जाणे थांबवावे. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, चालताना झोक जाणे, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले तर फुप्फुसात पाणी किंवा मेंदूला सूज असण्याची शक्यता धरून, रात्र असली तरी, त्या सोबत्याला खाली उतरवावे. गट चौघांहून लहान असू नये: एकाला दुखापत झाली तर एकाने त्याच्याजवळ थांबावे आणि दोघांनी मिळून मदत आणायला जावे.

हलक्या सामानाने जाण्याच्या पद्धतीचे इतिहासात दाखले आहेत. १९३४ मध्ये एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोघे ब्रिटिश गिर्यारोहक आंग थारके, पासांग आणि कुसांग या तीन शेर्पांबरोबर ऋषिगंगेच्या घळीतून वाट शोधत नंदादेवीच्या आतल्या खोऱ्यात पोहोचले. त्यापूर्वीचे अनेक प्रयत्न फसले होते. त्या काळी शेकडो हमालांच्या मोहिमांची प्रथा असताना या पाच जणांनी मोजके सामान आणि साधे अन्न घेऊन ते खोरे गाठले. ते खोरे १९८०च्या दशकापासून निसर्गरक्षणासाठी बंद आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या शेतकरी कुटुंबातल्या एमा गेटवूड यांनी १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, तीन हजार किलोमीटरहून लांब असलेली अॅपलाचियन पायवाट एकट्याने पूर्ण केली, तेव्हा त्यांच्या खांद्यावर घरी शिवलेली एक कापडी थैली आणि पायात कॅनव्हासचे बूट होते. ती वाट आखलेली होती आणि हिमालयाइतकी उंच नव्हती, त्यामुळे त्यांच्या सामानाची यादी आपण उचलू नये. पण शिवणयंत्र घरी असलेल्या आमच्या मुलींना त्यांची गोष्ट नक्की सांगावी.

ओझ्यापेक्षाही मला जास्त महत्त्वाचे वाटते ते नकाशावाचन. वाट नसलेल्या ठिकाणी डोंगराची सोंड कोणती धरायची, अरुंद घळीच्या नळीतून उतरायचे की माथ्याच्या धारेवरून, पुढे कडा आहे की पठार, हे समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) वाचता येणाऱ्यालाच आधी कळते. आणि आधी कळले म्हणजे हेलपाटा वाचतो, एक दिवसाचे अन्न वाचते, पिशवी हलकी होते. मोबाइलमधला नकाशा आधी साठवून ठेवला तर नेटवर्कशिवायही चालतो, परंतु थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि पडद्यावर सबंध खोरे एका दृष्टीत दिसत नाही. परदेशी लोक वापरतात तसली उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणे बेकायदेशीर आहे, त्यामुळे तो आधारही आपल्याला धरता येत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे नागरिकांना उपलब्ध आहेत, सीमेलगतच्या काही भागांवर निर्बंध आहेत एवढेच. या नकाशांची पायाभरणी करणाऱ्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे जनक विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळून मोजणीला सुरुवात केली आणि ते २० जानेवारी १८२३ रोजी आमच्या हिंगणघाटला मरण पावले. त्यांची समाधी तिथेच आहे. पुढे याच सर्वेक्षणातून राधानाथ सिकदरांच्या गणिताने एव्हरेस्टची उंची निश्चित झाली. ज्या तालुक्याच्या मातीत या कामाचा प्रवर्तक विसावला आहे, तिथल्या दहावी झालेल्या मुलाला समोच्च रेषांचा नकाशा फक्त परीक्षेत दोन गुणांसाठी दाखवला जातो, याचे मला एक शिक्षिका म्हणून दुःख आहे.

हा सराव करायला हिमालय लागत नाही. गावाजवळच्या टेकडीवर, माळरानावर, नाल्याच्या काठाने, शेताच्या धुऱ्यांवरून, मालकाला विचारून, नकाशा हातात धरून चालता येते. पिशवीत ठरलेले वजन भरून पहाटे चार तास चालावे, आणि कुठे आहोत ते दर अर्ध्या तासाला नकाशावर टिंब मारून दाखवावे. मात्र जंगलात हा सराव करू नये. मेळघाट, ताडोबा, बोर, पेंच ही व्याघ्रक्षेत्रे आहेत, तिथे परवानगीशिवाय पायी शिरणे हा गुन्हा आहे, आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडच्या साध्या वनातही वाघाच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत. हिमालयातही जाण्याआधी वनखात्याची आणि जिथे लागते तिथे सीमावर्ती भागाची परवानगी घ्यावी, आणि आपला मार्ग व परतीची तारीख शेवटच्या गावात लेखी देऊन ठेवावी. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली होती, कारण तंबूंच्या गर्दीने ती गवताळ कुरणे उजाड होऊ लागली होती. अशा कोवळ्या गवतावरून वाट नसताना चालावेच लागले तर एकामागे एक चालू नये, पसरून चालावे, म्हणजे नवी पायवाट पडत नाही. शौचासाठी पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर वीतभर खोल खड्डा करावा. कचरा सगळा परत आणावा, आणि हलके सामान नेणाऱ्याला तो आणणे जड जात नाही.

माझी विनंती शाळा-महाविद्यालयांना आणि जिल्हा क्रीडा कार्यालयांना आहे. एका मुलाला पिसांची झोपपिशवी, चांगला तंबू आणि बर्फात चालायची कुऱ्हाड विकत घेणे परवडत नाही, म्हणून तो कुणाची तरी जुनी, जड वस्तू उसनी नेतो. तालुक्याच्या एका महाविद्यालयात दहा-बारा जणांपुरते हलके, चांगले सामान सामायिक ठेवले आणि अनामत घेऊन ते दिले-घेतले, तर वर्षभरात अनेक गट त्यावर जाऊन येतील. पिशव्यांची आच्छादने, झोपपिशवीचे खोळ, कपड्यांच्या थैल्या तालुक्यातले बचत गट शिवून देऊ शकतात. राष्ट्रीय सेवा योजना आणि एनसीसीच्या शिबिरांत नकाशावाचनाचे दोन पूर्ण दिवस ठेवावेत, आणि ते मैदानावर न ठेवता टेकडीवर ठेवावेत. मूलभूत अभ्यासक्रम करून आलेले तरुण आता जवळजवळ प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांना शिकवायला बोलवावे. आणि आपल्या दैनिकाने दरवर्षी एप्रिलमध्ये, मुले तिकिटे काढतात त्या आठवड्यात, सामानाची वजनासह यादी आणि उंचीवरच्या आजाराची लक्षणे एका चौकटीत छापावीत. ग्रामीण भागात पेपर अजूनही घरातली मोठी माणसे वाचतात, आणि मुलाची पिशवी निघण्याच्या आदल्या दिवशी तोलून पाहण्याचे काम तीच करू शकतील.

आपली विश्वासू,
भूगोल शिक्षिका,
ता. समुद्रपूर, जि. वर्धा